अक्कलहुशारीने

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



जमिनीचा किंवा घराचा व्यवहार ज्यांनी केला असेल, त्यांना एक वाक्य ओळखीचे असेल. दस्ताच्या शेवटी लिहिलेले असते, की हा दस्त मी स्वखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून दिला आहे. खाली सही असते. सही येत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा. नवी मुंबईत असे अंगठे मी पुष्कळ पाहिले. गंमत अशी, की कागदावर ज्याच्याकडून आपण अक्कलहुशारी कबूल करून घेतो, तो माणूस कचेरीबाहेर पडला की त्याला अंगठाबहाद्दर म्हणून मोकळे होतो.

शब्दांचे वेड असल्यामुळे सांगतो. अक्कल आपल्याकडे अरबीतून आली, हुशारी फारसीतून, आणि दोघी मराठीत इतक्या मुरल्या की त्यांना आता कोणी माहेर विचारत नाही. बुद्धी संस्कृतातली. परीक्षेला बसवायची ती बुद्धी, गुण मिळवणारी ती बुद्धी. अक्कल बाजारात जाते, शेतात जाते, आणि बहुतेक वेळा ती दुसऱ्याने काढण्यासाठीच असते!

आज मला विषय दिला आहे तो माणसाच्या बुद्धीचे प्रकार आणि त्यांना साजेशी कामे असा. मी मानसशास्त्राचा माणूस नाही. मराठी घेऊन बी. ए. झालो आणि गेली तीस वर्षे वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात एका पेढीवर मेहताजी म्हणून हिशेब लिहितो. कविता रात्री लिहितो. तेव्हा जे वाचले ते थोडक्यात सांगेन आणि जे पाहिले ते जरा सविस्तर.

बुद्धी मोजण्याची पहिली चांगली चाचणी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये अल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी थिओडोर सिमाँ यांनी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखावीत आणि त्यांना जादा मदत द्यावी, एवढाच बिने यांचा हेतू होता. माणसाची बुद्धी जन्मभर एकाच आकड्यावर थांबते, असे ते मानत नव्हते. पण पुढे तो आकडाच लोकांच्या डोक्यात बसला. मग १९८३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी ‘फ्रेम्स ऑफ माइंड’ या पुस्तकात मांडले, की बुद्धी एक नाही, सात आहेत. भाषेची, गणित-तर्काची, संगीताची, जागा आणि आकार यांची, शरीराची, दुसऱ्याचे मन ओळखण्याची आणि स्वतःचे मन ओळखण्याची. नंतर त्यांनी आठवी जोडली. निसर्ग ओळखण्याची.

हा सिद्धांत शिक्षकांना फार आवडला. मानसशास्त्रज्ञांना तितका आवडलेला नाही. त्यांचे म्हणणे असे, की या क्षमता एकमेकींपासून इतक्या सुट्या नसतात, एकीत बरा असणारा बहुधा दुसरीतही बरा असतो, आणि आठ वेगळ्या बुद्धी सिद्ध करणारा पुरावा तोकडा आहे. मला त्या वादात पडायचे नाही. पण आपण ज्यांना अडाणी म्हणतो त्यांच्याकडे नक्की काय असते, हे सांगायला गार्डनर यांनी नावे दिली. एवढ्यासाठी मी त्यांचा आभारी आहे.

आता माझ्या ओळखीच्या एका माणसाबद्दल सांगतो. माझ्या वर्गात एक आगरी मित्र होता. त्याचे वडील मिठागरावर काम करीत. आज जिथे नेरूळ, बेलापूरच्या इमारती आहेत, त्या पट्ट्यात तेव्हा भातशेती, खाजणे आणि मिठागरे होती. बाबा चौथी नापास. पण त्यांना भरतीची वेळ विचारायची सोय होती. घड्याळ नाही, पंचांगही जवळ नाही. ते तिथी मोजत आणि तिची पाऊणपट करीत. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. चतुर्थीला तीन. पौर्णिमा-अमावास्येला साधारण बारा. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी आणि आगरी हे गणित पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. उधाण कोणते, भांगाची भरती कोणती, कोणत्या पाण्याला उघाडी उघडायची आणि कोणत्या पाण्याला बांधावर रात्र काढायची, हे सारे या हिशेबावर.

मीठ पिकवणे म्हणजे समुद्राचे पाणी उन्हात ठेवणे, असे मला वाटायचे. तसे नसते. पावसाळा संपला की बांध नीट करायचे, तळ पायांनी चोपून चोपून असा घट्ट करायचा की मिठात चिखल येता कामा नये. मग उधाणाचे पाणी आत घ्यायचे आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवत घट्ट होऊ द्यायचे. उतार इतका बारीक की डोळ्याला दिसत नाही, पाण्याला मात्र कळतो. खारे पाणी बोमे मापावर पंचवीस अंशांच्या आसपास गेले की मीठ धरू लागते. तिशीच्या जवळ गेले की ते पाणी सोडून द्यावे लागते, नाहीतर मीठ कडवट होते. कारखान्यात हे मोजायला काचेचे उपकरण लागते. बाबा बोट बुडवून जिभेला लावत, पाण्याचा रंग बघत आणि सांगत, उद्या धरेल.

गार्डनर यांच्या यादीतल्या किती बुद्धी झाल्या, तुम्हीच मोजा.

मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. मोबदल्यासाठी मोठा लढा झाला. दि. बा. पाटील त्याचे नेते होते. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली ती या लढ्यामुळे. हा इतिहास आपल्याला माहीत आहे. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. तेव्हा लागू असलेल्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीचा बाजारभाव होता, उभ्या पिकाचा हिशेब होता, झाडांचाही होता. ती जमीन राखणाऱ्याला काय येते, यासाठी रकाना नव्हता. उपजीविका गेलेल्यांचा विचार २०१३ च्या नव्या कायद्यात आला. तोवर नवी मुंबई बांधून झाली होती.

मिठागर गेल्यावर बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्याच्या फाटकाशी गेले. तिथेही खारे पाणी, गाळणे, सुकवणे हेच चालू होते. विचारले, शिक्षण किती? चौथी नापास. बाबा परत आले. पुढे साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला, तो त्यांनी भावांबरोबर बिल्डरला दिला. करारनाम्याखाली अंगठा केला. अक्कलहुशारीने. पैसे चार घरांत वाटले गेले आणि बाबा बेलापूरच्या खालच्या भागात एका सोसायटीत वॉचमन झाले.

२६ जुलै २००५. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा आता सर्वांना पाठ आहे. आमच्याकडेही आभाळ फाटले होते. पौर्णिमा होऊन पाच दिवस झाले होते. पाचाची पाऊणपट पावणेचार. बाबांनी दुपारी सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितले, साहेब, पावणेचारला भरती आहे, वरचं पाणी आता खाली जायचं नाही, गाड्या चढावर न्या. साहेब हसले. संध्याकाळी तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये स्कूटरची सीटे पाण्याखाली होती. त्या दिवशी दुपारी पावणेचार-चारच्या सुमारास खरोखरच मोठी भरती होती, हे नंतर सर्वत्र छापून आले. सोसायटीच्या बैठकीत मात्र एक सभासद म्हणाले, वॉचमनने जरा आधी सांगायला हवे होते!

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. नवी मुंबईचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून सिडकोच्या अभियंत्यांनी शहरात धारण तलाव बांधले. पावसाचे पाणी त्यात साठते. भरती आली की समुद्राच्या बाजूची दारे पाण्याच्या दाबाने मिटतात, ओहोटी लागली की उघडतात आणि साठलेले पाणी खाडीत जाते. फार शहाणपणाची योजना आहे, आणि तलावांत गाळ साचू दिला नाही तर आजही उपयोगी आहे. हॉलंडमध्ये असेच करतात, असे तिचे कौतुक होते. होऊ द्या. पण माझ्या मित्राचे बाबा ती दारे बघून म्हणाले होते, ही तर आपली उघाडीच. तत्त्व एकच. एकाला त्यासाठी पदवी आणि पगार मिळाला, दुसऱ्याला शिट्टी आणि काठी. अभियंत्यांचे श्रेय मी कमी करीत नाही. शहराएवढे मोठे गणित बाबांना झेपले नसते. पण त्या कामात त्यांना काही जागा असू शकली असती, हे कोणाच्या डोक्यात आले नाही. बाबांच्याही नाही.

म्हणून व्यवसाय मार्गदर्शनाच्या भाषणांत जेव्हा सांगतात, की आपल्यातली बुद्धी ओळखा म्हणजे मार्ग सापडेल, तेव्हा मी थोडा बिचकतो. बाबांनी आपली बुद्धी पक्की ओळखली होती. त्या बुद्धीला किंमत देणारे काम जागेवर राहिले नाही.

किंमत कशी येते, हे माझ्या बाजारात दिसते. आमच्याकडे कांदा पारखणारा माणूस कांद्याची मान दाबतो. मान जाड असेल तर तो माल टिकणार नाही, आधी विकायचा. पातीची सळसळ ऐकून सांगणारेही आहेत. पलीकडे फळबाजारात रुमालाखाली बोटे धरून हापूसचा भाव ठरायची पद्धत होती. दोन माणसे एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत आहेत, बोटे रुमालाखाली बोलत आहेत, आणि शेजारच्याला पत्ता नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती पद्धत वाईट होती, भाव उघडच ठरायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण समोरच्याचे मन ओळखण्याची बुद्धी म्हणजे काय, ते मी तिथे शिकलो.

आणि माथाडी. पाठीवरची गोणी ट्रकच्या फळीवरून उतरवताना पाऊल कुठे पडते, श्वास कुठे सोडायचा, चौघांनी एकदम कसे उचलायचे, हे बघण्यासारखे असते. ही अंगाची बुद्धी. शतकभर तिला हमाली म्हणत आणि मनाला येईल ते देत. अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. मजुरीचे दर ठरले, भविष्यनिर्वाह निधी आला, मंडळात नोंद आली. पाठ तीच, गोणीही तीच. पण त्या पाठीच्या जिवावर माथाड्यांनी कोपरखैरण्यात घरे घेतली आणि मुले कॉलेजात घातली. मिठागरातल्या माणसाला असा कायदा मिळाला नाही.

आता थोडे घरचे. माझे वडील टेलर. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. १९८३ मध्ये त्यांनी वाशीत छोटे दुकान टाकले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्यांच्या डोक्यात माप झालेले असे; टेप नंतर लावत, गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. कमी पन्ह्याच्या कापडातून शाळेचा गणवेश काढून वर चिंधी वाया जाऊ न देणे, हा त्यांचा अभिमान. गोल, उंचसखल, हलणारे माणसाचे अंग ते टेबलावरच्या सपाट कापडात बघू शकत. मराठीत याला बेतणे म्हणतात. बेत आखणे आणि कापड बेतणे, एकाच घरातले शब्द. अब्बांना स्वतःला मात्र आपल्या कामात डोके लागते असे कधी वाटले नाही. ते म्हणत, आमचं काम हाताचं, डोक्याचं काम तू कर. डोक्याचे काम म्हणजे विज्ञान शाखा. मी बारावीला दोनदा बसलो, दोनदा नापास झालो. भौतिकशास्त्राच्या वहीच्या शेवटच्या पानांवर ओळी लिहिलेल्या सापडल्या तेव्हा अब्बांनी मारले नाही. ते दोन दिवस बोलले नाहीत, आणि ते जास्त लागले.

कवितेने मला पोसले नाही, हेही सांगायला हवे. भाषेची बुद्धी असून मी पोटासाठी आकडे लिहिले आणि ते वाईट लिहिले नाहीत. माणसाला एकच बुद्धी असते आणि तिचेच काम करावे, असेही काही नाही. बहिणाबाई चौधरींना अक्षर येत नव्हते. जात्यावर, शेतात त्या रचत, घरातले कोणी उतरवून घेत. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये पुस्तक आले. पोट त्यांचे शेतीवरच होते. कविता हा त्यांचा व्यवसाय नव्हता आणि त्यामुळे ती कमी झाली नाही.

एवढे सगळे कळणाऱ्या माणसाने स्वतःच्या लेकीच्या बाबतीत काय केले, ते ऐका. २०१६ मध्ये राज्यात दहावीच्या मुलांची कल चाचणी संगणकावर घेण्यात आली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रे होती. ही चाचणी आवड सांगणारी होती, क्षमता सांगणारी नव्हती, आणि आई-बापांनी हा फरक समजून घेतला पाहिजे. माझ्या लेकीचा कल निघाला ललित कला आणि तांत्रिक. ती लहानपणापासून घराचे नकाशे काढायची. भिंत पाडली तर उजेड कुठून येईल, हे तिला कागदावर दिसायचे. म्हणाली, अब्बा, आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिल असतं, दोन वर्षांचं. मी म्हणालो, आयटीआय? लोक काय म्हणतील?

हे मी म्हणालो, श्रोतेहो. बाबांच्या अंगठ्यावर ज्याने कविता लिहिली, टाळ्या घेतल्या, त्याने.

अकरावी-बारावी विज्ञान, मग कर्ज काढून अभियांत्रिकी. दोन वर्षांत एटीकेटी वाढत गेल्या. ती जेवेनाशी झाली. २०२० मध्ये सगळे घरात कोंडलेले असताना एके रात्री तिच्या अम्मीने मला विचारले, तुम्हाला इंजिनियर हवाय की मुलगी? त्यानंतर तिने आयटीआयचा अर्ज भरला. मी सही केली.

मुलांकडे काय बघावे, असे मला कोणी विचारले तर एवढेच सांगेन, की ती कुठे चुकतात ते बघू नका, चुकल्यावर कुठे परत परत बसतात ते बघा. माझी लेक एक जिना सात वेळा खोडून काढायची. गणित एकदा चुकले की वही मिटायची. हे मला दिसत होते. मी बघितले नाही. आणि दुसरे, त्या कामाची आज कुठे किती मजुरी आहे, ते काम करणाऱ्या दोघा-चौघांना जाऊन विचारा. पुस्तिका वाचून कळत नाही. कोणी चहा पाजून नक्की सांगेल.

आता ती एका कंत्राटदाराच्या कार्यालयात नकाशे काढते. इमारतीतल्या पाइपांचे, गटारांचे. पगार फार नाही. अब्बांची कातर तिने टेबलावर ठेवली आहे. कागद कापायला वापरते, आणि अब्बा असते तर कागदाने धार जाते म्हणून ओरडले असते.

गेल्या पावसाळ्यात तिच्याकडे बेलापूरच्या बाजूचे एक काम आले. पावसाचे पाणी खाडीत कधी सोडता येईल, त्याचा तक्ता करायचा होता. रात्री माझ्याकडे येऊन म्हणाली, अब्बा, तुमच्या मित्राच्या बाबांचं ते तिथीचं गणित काय होतं? बाबा जाऊन बरीच वर्षे झाली. मी सांगितले. तिने भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघितली, पाऊणपट केली आणि मोबाइलवरच्या वेळेशी ताडून पाहिली.

वीस मिनिटांचा फरक होता. ती म्हणाली, एवढा चालतो.